बाद मत

अहमदपुरात पक्षाच्या तालुकाध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मतदान झालं. मतं एकूण चाळीस. आपलं मत टाकून भुजंग रामलिंगआप्पांच्या बाजूनं मोजणीला बसला होता. बाहेर आप्पांची माणसं गुलाल घेऊन ताटकळली होती.

एकोणीस-एकोणीस झाले, तसा भुजंग खुर्चीत पुढे सरकला. पुढचं मत विरोधकाला गेलं. आता एकच मतपत्रिका उरली. अधिकाऱ्यांनी ती उघडली. फुली आप्पांच्याच नावापुढे होती! भुजंग ताडकन उभा राहिला.

"थांबा, खाली सही केलीय. मत बाद," म्हणत अधिकाऱ्यांनी पत्रिका त्याच्यापुढे धरली.

सही आप्पांची होती. भुजंगनं ती बघताक्षणी ओळखली. वीस वर्षं तो त्याच सहीची पत्रं तालुकाभर वाटत आला होता.

निकाल नि बाद मताची बातमी आधीच बाहेर पोचली होती. तो बाहेर आला, तसं आप्पांनी सगळ्यांदेखत त्याचं मनगट धरलं. "एका मतानं गेलं की रं, भुजंगा! कोन्या येड्यानं मत बाद केलं?"

भुजंगनं मान खाली घातली.

"म्याच केलं, आप्पा."