टोपीचं अस्तर

कापडाच्या बाबतीत गणपतअप्पांनी पन्नास वर्षांत खोटा शब्द काढला नव्हता, हे अख्ख्या दाजीबानपेठेला ठाऊक होतं. म्हणूनच वेल्सहून आलेल्या त्या म्हाताऱ्या साहेबाला लोकांनी त्यांच्याच दुकानात धाडलं. साहेबाचे आजोबा हुबळीला रेल्वेत नोकरी करत आणि इथंच वारले. तरुणपणी ते वेल्सच्या सुरुवातीच्या रग्बी संघातून खेळले, असं घरात सांगत आलेले. खेळाडूंच्या यादीत तेच नाव होतं, पण तिकडं त्या नावाची माणसं पैशाला पासरी. पुरावा एकच, संघात घेतल्यावर मिळालेली मखमली टोपी.

"टोपी तिकडचीच ना, एवढंच विचारतायत," सून पल्लवीनं साहेबाचं बोलणं मराठीत सांगितलं. "थडग्यावर 'वेल्सचा खेळाडू' असं कोरायचंय. पाथरवट खोळंबलाय."

अप्पांनी टोपी उलटी केली आणि त्यांचा हात थबकला. आत अस्तर होतं ते आपल्याकडच्या चोळीच्या खणाचं. साहेब श्वास रोखून त्यांच्या बोटांकडं बघत होता. अप्पांनी चष्मा चढवला, शिवणीवरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"टोपी तिकडचीच," ते म्हणाले. "अस्तर झिजलं असेल, तेवढं इथं बदललंय."

साहेब डोळे पुसत, टोपी छातीशी धरून गेला.

"अप्पा, अस्तर बदललंय हे कसं ओळखलंत?" पल्लवीनं विचारलं.

"बदललं की मखमलीला सुईच्या भोकांच्या दोन रांगा दिसतात. एक जुनी, एक नवी." अप्पांनी चष्मा काढून ठेवला. "इथं एकच होती."