रिकामा खिळा

हेवॉनला कोरियाला परतायला आठच दिवस उरले, तशी मुहय्योच्या आईनं भिंतीत नवा खिळा ठोकला. उझबेकिस्तानातल्या त्यांच्या मार्गिलान गावात लांब जाणारा माणूस निघताना रोटीचा एकच घास खातो. उरलेली रोटी घरात टांगून ठेवतात, परत आल्यावर त्यानंच संपवायची. शेजारच्या खिळ्यावर रशियात कामाला गेलेल्या मुहय्योच्या थोरल्या भावाची वाळलेली रोटी होती. दोन शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत हेवॉन वर्षभर या घरात राहिली. आता तिकडं जायची पाळी मुहय्योची. पण तिच्या वडिलांनी परवानगीच्या कागदावर सहीच केली नाही. “कोरिया कशाला बघायचा? सासर बघेल की,” म्हणून मोकळे झाले. हेवॉन बाजारात गेल्यावर मुहय्योनं ताज्या रोटीचा घास घेतला आणि उरलेली रिकाम्या खिळ्याला अडकवली. संध्याकाळी आईनं ती पाहिली. ओरडली नाही. रोटी काढून तिनं मुहय्योपुढं ठेवली, शेजारी चहाचा पेला. “जाऊन आलीस ना बाळा? चल, आता सगळी संपव.”