सापडता कामा नये

मैंदर्गीच्या महेश्वरीची इंजिनिअर झाल्यावरची ही पहिलीच मुलाखत. सोलापुरातल्या त्या कंपनीचं म्हाताऱ्या माणसांसाठी भजनांचं ॲप होतं. साहेब म्हणाले, "दरमहा खात्यातून पैसे कापले जातात. ते बंद करायचं बटण ठेवावंच लागतं, पण ते सापडता कामा नये. करून दाखव."

नोकरी हवी होती. तिने बटण पानाच्या तळाशी नेलं, बारीक केलं, पांढऱ्यावर फिकट राखाडी केलं.

साहेबांनी आतल्या खोलीतून एका आजोबांना बोलावून ते बटण शोधायला फोन दिला. आजोबा बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिले, मग ओशाळून म्हणाले, "माजीच नजर गेलीया पोरी. तू चांगलंच केलं असशील की."

साहेब खूश झाले. "उद्यापासून ये."

महेश्वरीला स्वतःचीच किळस आली. तिने बटण ठळक लाल करून आजोबांना दाखवलं आणि बॅग उचलून निघाली.

दारात तिला मागून आजोबांचा आवाज आला, ते साहेबांना विचारत होते, "म्हंजी माज्या फोनातलं बटणबी तूच दडवलंस व्हय रं? बापाला तरी सांगायचंस की."