माल कोण बघणार?

सुनेची लक्षणं काही ठीक नव्हती. आठवड्यातून एकदा तरी ती सासूला शिलाईच्या कारखान्याबाहेर पिटाळायचीच. कधी नवे तागे बघायला, कधी चष्म्याच्या काचा बदलायला, आणि परवा तर लेकीच्या घरचे पडदे पसंत करायला. जिच्या हाताखालून गेल्याशिवाय एक शर्ट बाहेर पडत नाही, त्या बाईनं पडदे बघत बसायचं!

कारखान्यात सासूला सगळे मोठ्या बाई म्हणत. शेवटचं टेबल त्यांचं. कॉलर, काज, बटण, सुटलेला धागा, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली की माल गाडीत. सून मॅनेजमेंट शिकलेली, तिच्या तोंडी सारखी स्ट्रॅटेजी. मोठ्या बाईंनी त्याचा अर्थ लावून टाकला होता: गोड बोलून म्हातारीचा काटा काढणे.

आज त्या कापडवाल्याकडे गेल्याच नाहीत. कोपऱ्यावरूनच माघारी फिरल्या आणि मागच्या दारानं आत आल्या. चार पायऱ्या चढताना गुडघ्यांनी जीव काढला.

त्यांच्या टेबलाशी काजांच्या मशीनवरची बाई बसली होती. तिनं एक शर्ट उजेडाकडे धरला, कॉलरची टोकं जुळवून पाहिली, नाक मुरडलं आणि शर्ट मागे फेकला. नाक मुरडणंसुद्धा हुबेहूब मोठ्या बाईंचं. शिलाईवाल्यानं मुकाट्यानं उसवायला घेतलं. मोठ्या बाईंनी पास झालेला गठ्ठा उलटापालटा केला. खोट सापडेना. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

सून धावत आली, तशी त्यांनी तिला सगळ्यांदेखत धारेवर धरलं. घर दिलं, किल्ल्या दिल्या, आता बसायची जागाही हवी का, असं बरंच काही. मशिनं थांबली. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, डॉक्टर गुडघ्यांच्या ऑपरेशनचं कधीचे सांगताहेत, आणि आई दर वेळी एकच विचारतात, माल कोण बघणार.

"तेवढा प्रश्न मिटवला. हीच माझी स्ट्रॅटेजी. टेबल तुमचंच आहे, आई. बऱ्या होऊन चालत या."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर शिकवू दिलं असतंत तिला?"

मोठ्या बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

काचेपलीकडे, सुनेच्या केबिनमध्ये, तिच्या टेबलावरचा फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला. उचलणारं दुसरं कुणी नव्हतंच. कटिंगमास्तर आणि गाडीवाला दाराशी तिच्याचसाठी ताटकळलेले. माहेरी जायची भरलेली बॅग हिनं यंदा दोनदा रिकामी केली, हे मोठ्या बाईंना आत्ता आठवलं. त्यांनी सुनेच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं नीट पाहिली, आणि तिचा दंड धरून तिला तिच्याच खुर्चीकडे नेलं.

"माझ्या जागी माणूस तयार केलंस आणि स्वतःच्या जागी कुणी नाही, अर्धीमुर्धीच शिकलीस बाई तू. आता हे काम मला शिकव, इथं बसायला गुडघे लागत नाहीत. आधी तू आईकडे पोटभर राहून ये, मग घे माझी तारीख."