पालथा कृमी

कृमी पालथा पडला होता. प्रतिभाने सूक्ष्मदर्शकाचं चाक पुन्हा एकदा खाली-वर फिरवून बघितलं, तरी तो पालथाच.

पानासारखा चपटा, नखाएवढासुद्धा नसलेला हा कृमी तिला गंगापूर धरणातल्या मरळ माशाच्या आतड्यात सापडला होता. एकुलता एक. दोन काचांमध्ये दाबून, गुलाबी रंगात रंगवून तिने तो काचपट्टीवर कायमचा चिकटवला होता. असल्या कृमीला चिकटून राहायला दोन चूषक असतात, एक तोंडाशी आणि एक पोटावर. याच्या सगळ्या भाऊबंदांचं अंडाशय उजव्या अंगाला, आणि याचं मात्र डाव्या. म्हणजे जात नवी. गेले काही महिने प्रतिभाचे पाय जमिनीवर नव्हते ते यामुळेच.

आज काचपट्टी कपाटात ठेवण्याआधी तिने सहज डोळा लावला, तर पोटावरचा चूषक नळी खाली नेल्यावर स्पष्ट दिसू लागला. म्हणजे पोट खाली होतं आणि पाठ वर. पोटाकडून बघतोय असं समजून पाठीकडून बघितलं, की उजव्याचं डावं होणारच. तिने काचपट्टी उलटी करून बघितली. अंडाशय मुकाट्याने उजव्या अंगाला आलं. जात जुनीच होती, पुस्तकातली.

चूक तिची होती, पण निस्तरणं तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. नवी जात सापडली की तिला गुरूचं नाव द्यायचं, ही कॉलेजच्या या प्राणिशास्त्र खात्यातली गुरुदक्षिणा. तिचे मार्गदर्शक गायधनी सर यांनी आपल्या गुरूंचं नाव एका कृमीला दिलं होतं. सरांच्या नावाचा मात्र अजून एकही नव्हता. सर आज निवृत्त होत होते. खाली हॉलमध्ये खुर्च्या लागल्या होत्या आणि प्राचार्य भाषणात नव्या जातीचं नाव जाहीर करणार होते, ‘गायधनीआय’. शेवटचं ‘आय’ लॅटिनच्या रिवाजाप्रमाणे.

गप्प बसावं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. काचपट्टी उलटी करून कोण बघतंय? पण पुढेमागे कोणी बघितलीच, तर तिचा प्रबंध पाण्यात जाईल आणि सरांचं नाव तिच्या चुकीला जन्मभर चिकटून राहील. तेवढ्यात सरच दारात आले, नव्या कोटात अवघडलेले.

“चल गं प्रतिभा. मुहूर्त काढतेस की काय?”

“सर, एकदा हे बघता?” तिने उठून स्टूल रिकामं केलं.

सर स्टुलावर बसले. त्यांनी चाक खाली फिरवलं, वर फिरवलं, पुन्हा खाली नेलं. मग काही न विचारता काचपट्टी उलटी केली. पुन्हा डोळा लावला.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही, सर.”

आता ते म्हणणार, मग राहू दे. तसं ते म्हणाले असते तर नाही म्हणायची आपली छाती नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मग आधी प्राचार्यांना गाठायला हवं,” सर म्हणाले. “त्यांनी माइक हातात घ्यायच्या आत. एकदा घेतला की ते कोणाचं ऐकत नाहीत.”

प्रतिभाला इतकं हलकं वाटलं की ती शेजारच्या खुर्चीत मटकन बसली. डोळे भरून आले, ते तिने ओढणीने पुसले.

“वाईट वाटलं ना, सर?”

“वाटलं. मी काय दगड आहे? पण तुझी आकृती मीही तपासली होती. पाठ कुठे आणि पोट कुठे, हे मीही बघितलं नाही. छापून आलं असतं तर दोघांचं हसं झालं असतं. वाचलो म्हण.”

प्रतिभा प्राचार्यांकडे निघाली, तर दारात सरांच्या पत्नी लताबाई उभ्या. ठेवणीतली पैठणी आणि कपाळावर घाम.

“अहो, सगळे खोळंबलेत खाली. झालंय तरी काय?”

सरांनी थोडक्यात सांगितलं. कृमी जुनाच निघाला, नाव काही देता येत नाही.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“देव पावला,” म्हणत लताबाई प्रतिभाच्याच खुर्चीत टेकल्या. “माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पोराचं लग्न जमवतोय आपण. आपलं पंचवटीतलं घराणं, आणि नाव दिलं कशाला, तर माशाच्या आतड्यातल्या किड्याला. मुलीकडच्यांनी विचारलं असतं तर काय सांगणार होते मी? तुम्ही एवढे खुशीत होतात, म्हणून गप्प राहिले.”

सरांना हसू आवरेना.

“अगं, मग बघ तरी एकदा, कशातून सुटलीस ते.”

इतक्या वर्षांच्या संसारात लताबाईंनी नवऱ्याचा एकही कृमी बघितला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पदर सावरला आणि डोळा लावला. सरांनी हळूच चाक फिरवून दिलं. प्रतिभा दारातच थांबली.

लताबाईंनी हाताने दुसरा डोळा झाकून घेतला.

“अहो,” डोळा न उचलताच त्या म्हणाल्या, “हा तर चांगला देखणा आहे. दिलं असतं नाव, तर चाललं असतं की.”