खांद्यावरचं दुपटं

दुपटं खांद्यावर टाकून शर्वाणी कधीची बसून होती. तिनं दूधपेढीला दान केलेलं दूध दूरच्या दवाखान्यातलं बाळ प्यायलं, की त्याचा भार दुपट्यातून तिच्या खांद्यावर उतरायचा, मागोमाग इवलासा ढेकर. दूध देणाऱ्या सगळ्याच आयांना दान असं जाणवायला लागल्यापासून पेढीला दूध कधी कमी पडलं नव्हतं. आज मात्र खांदा रिकामाच होता.

तिनं पेढीतल्या नलूमावशींना फोन लावला.

"अगं, त्या बाळानं बाळसं धरलं," मावशी म्हणाल्या. "सगळ्यात जास्त गरज कुणाला, हे पेढीतलं यंत्र ठरवतं. आजपासून तुझं दूध नव्या पाहुण्याला."

"मला तेच हवंय हो, मावशी. त्याच्या ढेकराची सवय झालीय."

"ढेकर काढायला त्याची आई आहे ना..." मावशींचा आवाज एकदम मऊ झाला. "बस जरा तशीच."

फोन ठेवून ती रुसून बसली. मग खांद्यावर काहीतरी टेकलं, पाखराएवढं. तिनं श्वास रोखला.

तिचं स्वतःचं बाळ एवढंच होतं. काचेच्या पेटीतून ते बाहेर आलंच नाही. त्याला खांद्यावर घ्यायचं राहूनच गेलं होतं.

शर्वाणीनं हात वर नेला आणि रिकामं दुपटं हळूहळू थोपटायला लागली.