पहिल्या रांगेतली आई

यॉर्कशरच्या त्या जुन्या, चिमुकल्या थिएटरात नाताळच्या दिवसांत फक्त प्रौढांसाठीचं विनोदी नाटक लागायचं. साठीचा सिरिल सोळा वर्षं त्यात झगा घालून चावट विधवा रंगवत होता. आईला मात्र त्यानं ‘लहान मुलांचं नाटक आहे’ असंच सांगितलं होतं.

आज दुपारी पडदा उघडला आणि पहिल्या रांगेत आई दिसली. त्यानं सगळे चावट विनोद गाळले. लोक चुळबुळत राहिले, प्रयोग पडला. दुखरे गुडघे चोळत तो रंग पुसायला बसला, तेवढ्यात आई आत आली.

“आई, तू इथे कशी?”

“दरवर्षी येते की. मागे बसते. यंदा नीट ऐकू येईना म्हणून पुढे बसले, तर मेल्या, नेमकं आजच सगळं गाळलंस.”